‘परत कर’ म्हणणारी रंजी

व्यक्तिचित्र म्हटलं की तुम्ही रुमाल काढून बसत असणार. आता कोणी धोतरातले गुरुजी येतील, दोन पानं छान छान बोलतील आणि शेवटी मरतील. रुमाल ठेवा खिशात. आमची रंजी चांगली ठणठणीत आहे, तिच्या नावापुढे आता ‘डॉ.’ लागतं आणि ती दिसली की माझ्या पोटात दुखतं. तिच्याकडे पोटदुखीवर इलाज नाही, हाडं नि सांधे सोडून बाकी काय ती बघत नाही.

रंजी म्हणजे माझी आतेबहीण, वैशाखऱ्याची. तिकडे सायन्सची सोय नव्हती, म्हणून दहावीनंतर ती पत्र्याची पेटी घेऊन आमच्याकडे भातसानगरला राहायला आली. बाबा धरणावर नोकरीला, त्यामुळे आम्ही कॉलनीत. मी आणि ती एकाच वर्गात, शहापूरच्या कॉलेजात.

तेव्हा कॉलनीत माझा भाव होता. कुणाचीही नक्कल सांगा, मी करायचो. गणपतीत साहेबांसमोर साहेबांचीच केली होती आणि साहेबांनी नारळ दिला होता. रंजी आली त्या दिवशी मी आमच्या जीपवाल्याची काढली. पुढच्या सीटवर एवढी माणसं कोंबलेली की तो अर्धा बाहेर लटकून गाडी चालवतो, आणि उतरल्यावरही तसाच तिरका चालतो. आई हसली, बाबा हसले, शेजारच्या गजाकाकांना तर ठसका लागला. रंजी हसली नाही.

“परत कर,” ती बोलली.

मला वाटलं, वन्स मोअर! केली परत.

“सावकाश कर.”

सावकाश केली.

“तू नुस्ती मान वाकडी करतोस. तो कमरेतून वाकडा हाय.”

दुसऱ्या दिवशी जीपवाला उतरला तेव्हा बघितलं. होता कमरेतून वाकडा. तेव्हापासून ही पोरगी माझ्या डोक्यात गेली ती गेलीच.

घरात तर हिचंच पुराण. आई म्हणायची, “रंजीचं आवरलं बघ.” बाबा म्हणायचे, “रंजीच्या पायाचं पाणी घे जरा.” अरे, भातसाचं पाणी अख्खी मुंबई पिते, तरी तिकडे लोक नापास होतातच की! हे बोललो तर मार मिळायचा. पण खरं दुखणं वेगळंच होतं. मी माणसं बघून लोकांना हसवायचो. ती तीच माणसं बघायची आणि तिला काहीतरी वेगळंच दिसायचं. ते काय, हे मला दिसत नव्हतं.

बारावीच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर गजाकाकांना लकवा झाला. धरणाची दारं उघडबंद करणारा दांडगा माणूस, आणि उजवी बाजू गेली. काकी एकटी ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात जायला घाबरायची, म्हणून रंजी सोबत गेली. संध्याकाळी परत आली ती काहीतरी ठरवूनच.

“मामी, तिथं एक बाई होत्या. डाक्टर गोळ्या लिहून पुढच्या खाटेवर गेला. त्या बाई तिथंच थांबल्या. काकांचा पाय हातात धरून त्याला चालायला शिकवत होत्या, तान्ह्या पोराला शिकवतात तसं. मला ते व्हायचंय.”

एवढ्यावर थांबेल ती रंजी कसली. एक्सरेवाल्याला विचारून आली, रक्त तपासणाऱ्या मॅडमना विचारून आली, डोळे तपासणाऱ्याला गाठलं. कुठे शिकलात, किती वर्षं लागतात, बारावीला कोणते विषय. सगळ्यांच्या डिग्र्या ऐकून घेतल्या आणि मग फिजिओथेरपी पक्की केली. मी ठाण्याला गेलो की वडापाव खाऊन येतो. ही डिग्री ठरवून आली! वर्गातल्या पोरांचं कसं, आधी एमबीबीएस, नाहीतर दाताचं, नाहीतर आयुर्वेद, आणि काहीच नाही मिळालं तर रडत रडत फिजिओथेरपी. हिची पहिली पसंती तीच आणि शेवटचीही तीच.

मला राहवलं नाही. जेवताना जाहीर करून टाकलं, “मी पण फिजिओथेरपीच करणार!”

बाबांनी घास खाली ठेवला. “दिन्या, माणसांची नक्कल करतोस तेवढं पुरे. आता तिच्या डोक्याची पण करणार?”

त्या बाईंनी काकांना व्यायाम सांगितले होते. काका करायचे नाहीत. मग रोज कॉलेजातून आली की रंजी त्यांच्या व्हरांड्यात. “टाच आधी, काका. टाच टेकवा, मग पंजा.” काका अशा शिव्या द्यायचे की रस्त्यावरची कुत्री गप्प बसायची. रंजी हूं की चूं नाही. शिव्या संपल्या की म्हणायची, “झालं? आता परत करा.” मी आमच्या पायरीवर बसून दोघांची नक्कल बसवत होतो. नवीन आयटम!

निकाल लागला. तिचा कसा लागला ते मला सांगायला लावू नका. सीईटीच्या मार्कांवरही तिचा नंबर लागत होता. मी पास झालो, एवढंच. आणि रविवारी वैशाखऱ्याहून आतोबा, म्हणजे तिचे वडील, तिला न्यायला आले. त्यांच्या डोक्यात डी.एड. होतं. चहा बशीत ओतत ते बाबांना बोलले, “चार वर्षं मुंबईत ऱ्हायचं, नि शिकायचं काय, तर लोकांचे पाय चेपायचे? आमच्या वैशाखऱ्यात पाय चेपाया डिग्री नाय लागत. उद्या सकाळच्या एसटीनं पोरीला घेऊन चाललो.”

रंजी स्वयंपाकघराच्या दारात उभी. बाबा म्हणाले, “दाजी, तसं नसतं ते.” पण कसं असतं ते त्यांनाही सांगता येईना.

मी उठलो. “आतोबा, थांबा. ती काय शिकणार ते मी दाखवतो.”

आणि केला आयटम. हात छातीशी मुडपलेला, पाय विळ्यासारखा गोल फिरतोय, पंजा फरशीवर घासतोय. मग टुणकन बाजूला होऊन रंजी झालो, काकांना काखेत धरलं, नाकात बोललो, “टाच आधी, काका!” आतोबा चहा सांडेपर्यंत हसले. हसून झाल्यावर बशी खाली ठेवली. “बघा. बोललो नव्हतो? चेपाचेपीच ही.”

माझ्या पोटात बऱ्याच दिवसांनी गार वाटलं.

तेवढ्यात दारावर काठी आपटली. गजाकाका!

“ए दिन्या! हा कोण चालतोय? मी?”

“काका, ते आपलं…”

“मेल्या, हा दिवाळीतला गजा! जुना माल खपवतोस? धर ही काठी!”

काठी माझ्या हातात कोंबली आणि निघाले. दारापासून आतोबांच्या खुर्चीपर्यंत. आधी टाच, मग पंजा. गुडघा वाकत होता, ओठ दातांत धरलेला. मध्येच झोक गेला, आतोबा उठले, तर काका त्यांच्यावरच खेकसले, “बसा! हात नाय लावायचा!” आणि येऊन बाजूच्या खुर्चीत बसले. कपाळ घामानं निथळत होतं.

आतोबांनी वाकून तो पाय बघितला. “हे हिनं केलं?”

“सांगितलं ठाण्याच्या बाईनं. करून घेतलं हिनं. साऱ्या धरणावर मला कोणी ‘परत करा’ बोलला नव्हता. ही बोलली. रोज बोलली.”

आतोबांनी लेकीकडे बघितलं. मग खाली फरशीकडे बघत विचारलं, “तिथं हॉस्टेलात जेवन बरं असतं काय गो?”

झालं. मी तिची फजिती करायला निघालो आणि माझ्याच आयटमनं तिला मुंबईला पाठवलं. आजही आठवलं की जळतं. अहो, माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला शो, आणि टाळ्या काठी सोडलेल्या माणसाला!

मी मागच्या दारी मोरीपाशी जाऊन बसलो. रंजी मागोमाग आली. पदर खोचावा तशी ओढणी खोचलेली. म्हटलं, आता काय खैर नाही.

“माझी नक्कल केलीस ना रे?”

“हो.”

“लाज नाय वाटली? काकांना काखेत धरलंस ते! लकव्याच्या माणसाला काखेतून ओढतात का कधी? खांदा निखळतो त्याचा! मी कमरेला धरते, कमरेला! दिवाळीपासून पायरीवर बसून बघतोस, नि एवढं दिसलं नाय तुला? म्हणे फिजिओथेरपी करणार!”

मी खाली मान घालून बसलो.

“बसतोस काय? ऊठ,” ती बोलली. “परत कर.”