बाबा जत्रेत गिऱ्हाईक झाले तेव्हा

माझे बाबा खाजेवाले, म्हणजे गूळ-आल्याच्या पाकात घोळवलेल्या बेसनाच्या काड्या जत्रेत विकणारे. दिवाळी उलटली की कढई, बेसन, गूळ, आलं टेम्पोत भरून जे बाहेर पडत, ते जत्रांचा हंगाम संपल्यावरच विसावत. फोंडाघाटापासून इन्सुलीपर्यंत त्यांनी एक जत्रा सोडली नाही. कुठल्या देवीचा कुठला मान ते त्यांना सांगता आलं नसतं, पण कुठल्या वडाखाली पाल ठोकलं की गिऱ्हाईक वळतं ते बरोबर ठाऊक. असा माणूस देवभोळा म्हणायचा की नाही, यावर आमच्या घरात कधी एकमत झालं नाही.

घरवेडा मात्र नक्की होता. परत येताना कुणाला बांगड्या, कुणाला पिपाणी, कधी विसरले नाहीत. फक्त आईला हवं होतं तेवढं त्यांना जमलं नाही. तिला आमच्या गावच्या जत्रेत त्यांच्यासोबत जाऊन देवीची ओटी भरायची होती. दरवर्षी ती विचारायची आणि दरवर्षी बाबा म्हणायचे, धंद्याच्या दिवशी कसं जमणार? मग ती जावेबरोबर जायची, गर्दीतून बाबांना लांबून बघायची आणि घरी यायची. मला त्यांचा भयंकर राग यायचा.

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या छातीत दुखलं आणि डॉक्टरांनी कढईजवळ बसणंच बंद केलं. गावच्या जत्रेदिवशी ते तोंड पाडून पडवीत बसले होते. दुकान नाही तर जत्रेत जाऊन करू काय, म्हणाले. आई नवी साडी नेसून बाहेर आली आणि ओटीचं ताट सरळ त्यांच्या हातात दिलं. बाबा मुकाट उठले. मीही मागोमाग निघाले.

वाटेत प्रत्येक खाज्याच्या दुकानासमोर ते थांबत, पाक बघून नाक मुरडत. आई दर वेळी मागे येऊन त्यांना पुढे काढी. अखेर दोघांनी मिळून ओटी भरली. आईचे डोळे भरून आले होते. बाबांनाही ते दिसलं असावं, कारण बाहेर आल्यावर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या दुकानातून खाजं विकत घेतलं आणि पहिली काडी आईच्या हातावर ठेवली.

"कसा आसा? माझ्यापेक्षा बरा?"

"माका काय ठावक?" आई म्हणाली. "तुमचा खाजा मियां कधी खाल्लंय?"

खरंच होतं. जन्मभर तिने बेसन चाळलं, आलं वाटलं, पण विकायचा माल म्हणून तोंडात काही घातलं नाही. उरलासुरला चुरा आम्हा पोरांचा. हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी गॅसवर छोटी कढई चढवली. मी ओरडले, पण ऐकतो कोण! एकच घाणा काढला, तोही मूठभर. पाकात घोळवून, वाटीत घालून आईसमोर ठेवला आणि तिच्या तोंडाकडे बघत बसले.

आईने सावकाश चावलं.

"गूळ वायच जास्त झालो."

बाबांच्या खाज्याला नाव ठेवायची आजवर कुणाची टाप नव्हती. त्यांनी शाळकरी पोरासारखी मान डोलावली.

"फुडच्या जत्रेक कमी घालतलंय."

पुढच्या जत्रेपर्यंत बाबा राहिले नाहीत. त्या सकाळी मात्र आईची वाटी रिकामी होईपर्यंत ते जागचे हलले नव्हते.