कमरेवरचा घट्टा

जळगाव स्टेशनवर माय रडली नाही, मीच रडले. आबा डब्यात चढून माझी बॅग बर्थखाली सरकवत होते आणि माय खिडकीच्या गजांतून हात घालून माझा दंड धरून उभी होती. "जाय पोरी. तठे थंडी शे, डोकं झाकत जाय," एवढंच म्हणाली. भडगावहून जर्मनीला निघालेल्या पोरीला याहून मोठा उपदेश तिला सुचला नाही, आणि खरं सांगायचं तर मला दुसरा लागलाही नाही.

इथे मी लॅबमध्ये उंदरांच्या कातडीवर काम करते. गावात मात्र सगळ्यांच्या लेखी मी स्किनची डॉक्टर. मोबाईलवर वांगाचे, गजकर्णाचे फोटो येतात आणि क्रीमचं नाव विचारतात. समजावून थकले, आता नुसती हसते.

आपल्या कातडीच्या तळाशी मूळपेशी असतात. जुनी कातडी झडते, त्या नवी घडवतात. 'वाढ' आणि 'पुरे' असे निरोप त्यांना मिळत असतात. एखाद्या पेशीच्या जनुकात बिघाड झाला की 'वाढ' हा निरोप थांबतच नाही. तरी लगेच गाठ होत नाही. शेजारच्या धडधाकट पेशी त्या एकीला बरीच वर्षं आवरून धरतात. पण त्याच जागी पुन्हा पुन्हा जखम झाली, की भरून काढायला सगळ्यांनाच वाढायचा हुकूम सुटतो आणि त्या बिघडलेलीला रान मोकळं मिळतं. हे मी पडद्यावर रंगीत ठिपके दाखवून परक्या लोकांना कितीदा सांगितलं असेल. त्याच काळात माझ्या मायच्या कमरेवर तेच चाललं होतं.

आमच्याकडे कापूस वेचताना बायका कमरेला ओटी बांधतात. ती भरली की खाली ओढते, म्हणून परकराची नाडी करकचून आवळायची, आयुष्यभर एकाच जागी. तिथे काळा घट्टा पडतो आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. मायचा घट्टा चिरला, मग चिघळला. तिनं हळद भरली, वर फडकं ठेवलं आणि त्यावरच नाडी बांधली. कंबर दाखवायची कुणाला? दवाखान्यात पुरुष डॉक्टर. आबांनाही तिनं कळू दिलं नाही. व्हिडिओ कॉलवर मला तिचा चेहरा दिसायचा, फार तर खांदे. "बठ्ठं बरं शे," म्हणायची. वास यायला लागला तेव्हा वहिनीनं बळजबरीनं पदर बाजूला केला.

धुळ्याला कॅन्सरचं ऑपरेशन झालं, पण तोवर आजार जांघेतल्या गाठींत उतरला होता. मी येऊन पट्टी बदलायला बसले तर तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. "तुले कशी दखाडू? तू तठे, मी अठे," म्हणाली. पावसाळ्याआधी ती गेली. मला तिचा राग आला, अजूनही येतो. पोटच्या पोरीची एवढी कसली लाज?

मायच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी पंगत उठल्यावर धाकटी चुलती, सुमनकाकू, आतल्या खोलीत आली. तिनं दाराला कडी लावली आणि नाडी सोडली. "दख बरं," म्हणाली. तिच्या मागून दार वाजवत वहिनी आली, मग गल्लीतल्या बायका. मी डॉक्टर नाही, हे मी सांगत राहिले, पण ऐकतं कोण? काकूच्या घट्ट्यात एक चीर होती, कित्येक महिने न भरलेली. दुसऱ्याच दिवशी तिला धुळ्याला नेलं. वेळेवर आणलंत, डॉक्टर म्हणाले, आणि तेवढा तुकडा काढला. काकू आता बरी आहे, नाडीऐवजी रुंद पट्टा बांधते.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर गेलात, त्यांना घर म्हटलं की शेवभाजी आठवत असेल, वांग्याचं भरीत आठवत असेल. मलाही आठवतं. पण आधी दिसते ती कडी लावलेली खोली. मी गावी आले की दर खेपेला बायका येतात, एकमेकींची चेष्टा करतात, माझा हात ओढून घट्ट्यावर ठेवतात. कुणी लाजत नाही. शेवटची बाई बाहेर गेली तरी मी थोडा वेळ तिथेच बसून राहते. मायनं दाखवायचं राहिलं आहे, असं वाटत राहतं.