टाळ्याच्या सहा तारखा

इतिहासाच्या बाईंना मुलं मागून ‘सनावळी’ म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना त्या सुनेकडून ऑनलाइन फॉर्म तयार करायला शिकल्या.

“या वयात?” नवरा म्हणाला. “तुला अजून फोटो सरळ पाठवता येत नाही.”

“तुम्हाला तर वाकडाही येत नाही.”

फॉर्ममध्ये चार रकाने होते: तारीख, घटना, सांगणाऱ्याचं नाव, फोटो. विषय आपली शाळा. मुलांनी विचारून भरायचं. भरलं की वर्गातल्या पडद्यावर काळाच्या रेघेवर ठिपका उमटायचा, ठिपका दाबला की मजकूर उघडायचा. पहिल्या दिवशी बाईंनी घटनेच्या तारखेऐवजी फॉर्म भरल्याची तारीख जोडली आणि पन्नास वर्षं एका मंगळवारी गोळा झाली.

“बाई, शाळा बांधली मंगळवारी आणि छप्पर उडालं तेही मंगळवारीच!”

मग एका मुलीने सफाईच्या मावशींच्या डायरीतून पाच नोंदी भरल्या. पाचही सारख्या: ‘मुलींच्या संडासाचं टाळं उघडलं.’ ते पाच ठिपके ‘तपासणीला पाहुणे आले’ या पाच ठिपक्यांच्या बरोब्बर खाली बसले.

“बाई, ही जुळी आहेत का?” मुलीने विचारलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी होती. त्याच्या आदल्या दुपारीच मुख्याध्यापक तडक वर्गात आले.

“ते पाच ठिपके काढा.”

“माझे नाहीत, सर. सांगणाऱ्याचं नाव वाचा.”

“दोन वर्षं राहिलीत बाई, कशाला हात पोळून घेता?”

“दोनच राहिलीत म्हणून.”

मावशी दारातच रडवेल्या झाल्या. “जाऊ द्या हो बाई. माझ्या पोटावर पाय येईल.”

“उद्या टाळं उघडलं की किल्ली मला द्या. कुणी विचारलंच तर सांगा, सनावळीने हिसकावून घेतली.”

पाहुण्यांनी सगळे ठिपके दाबून पाहिले. त्या दिवशीचा सहावाही. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडताच मुख्याध्यापक स्टाफरूममध्ये आले.

“किल्ली कुठंय?”

बाईंनी पर्सची चेन ओढून बंद केली. किल्ली आतच राहिली.

“हवी असेल तर फॉर्म भरा, सर. तारीख, टाळं लावल्याची घटना आणि तुमचं नाव. फोटो नसला तरी चालेल.”