अर्धं आटवलेलं पाणी

शहरातल्या गारखेड्यातून जीप निघाली तेव्हा बर्फाची पेटी माझ्या मांडीवर होती. पाणी तपासायच्या कामावर मी चिपळूणहून महिनाभरासाठी त्या शहरात गेले होते आणि बाहेर पडायचा हा पहिलाच दिवस. क्रांती चौकात आम्ही बराच वेळ अडकलो. "मॅडम, पेटी संभालके," ड्रायव्हर रशीदभाई म्हणाले, "ये चौक बरफ को भी पसीना लाता."

खुलताबादचा चढ ओलांडला आणि मक्याच्या शेतांतल्या एका वस्तीवर थांबलो. हापसा (हातपंप) गोठ्याला लागूनच होता. मी स्पिरिटच्या पेटत्या बोळ्यानं त्याची तोटी भाजली, म्हणजे बाहेरचे जंतू बाटलीत जात नाहीत.

"तोटीला चटके कशापायी, ताई?" घरच्या कौसल्यामावशी हसत म्हणाल्या.

त्यांची लेक सविता बाळंतपणाला माहेरी आली होती. दीड महिन्याच्या मुलीला आईचं दूध पुरत नव्हतं, म्हणून डब्यातली पावडर कालवून देत होते.

"पर कच्चं पाणी नाय बरं," मावशी म्हणाल्या. "तांब्याभर आटवून अर्धा तांब्या करते. माझ्या आईनं शिकवलंय."

"वा मावशी! डॉक्टर तरी वेगळं काय सांगतात?" असं म्हणून मी भाकरी-ठेच्यावर ताव मारला.

जंतूंची तपासणी प्रयोगशाळेत व्हायची होती. नायट्रेट तिथंच कळतं. शेणखतातून जमिनीत मुरणारा हा क्षार मोठ्यांना सहसा बाधत नाही, पण तान्ह्याच्या रक्तातला प्राणवायू अडवतो. नळीत औषध टाकताच हापशाचं पाणी गुलाबी झालं, म्हणजे नायट्रेट होतं. सहज म्हणून मावशींचं आटवलेलं पाणीही पेटीतल्या बाटलीत भरलं आणि दुसऱ्या नळीत घेतलं, ते त्याहून गडद झालं. उकळून जंतू मरतात, क्षार मरत नाही. पाणी उडून जातं, तो तेवढाच मागं राहतो, अर्ध्या पाण्यात दुप्पट.

मी बाळाकडे नीट पाहिलं. ओठ निळसर होते.

"दोन दिवस झाले," सविता म्हणाली. "गारठ्यानं असंल, वाटलं."

मी सगळं सांगितलं. मावशी दोन्ही नळ्यांकडे बघत राहिल्या.

"मंग म्या रोज इख (विष) पाजलं व्हय?"

"आधी दवाखाना गाठू," मी म्हणाले. रशीदभाईंनी जीप वळवली होती. शहरातल्या दवाखान्यापर्यंत मावशी बाळाला छातीशी धरून बसल्या.

उपचार वेळेवर मिळाले, बाळाचा रंग परतला. तिसऱ्या दिवशी जंतूंचा अहवाल घेऊन मी दवाखान्यात गेले. हापशाच्या पाण्यात जंतू होते. मावशींच्या पाण्यात एकही नव्हता. मी ते त्यांना दोनदा वाचून दाखवलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"मंग आता कोणतं पाणी देऊ, ते सांगा," त्या म्हणाल्या.

तपासलेल्या टाकीचं पाणी बाळासाठी रोज वस्तीवर पोचायची सोय करूनच मी चिपळूणला परतले. इथं पाणी आभाळातून धो-धो पडतं, त्याची तपासणी कुणाला सुचत नाही. मला मात्र त्या दिवसाची अजून लाज वाटते. मावशींना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक असून, नळी भरायच्या आधीच मी "वा" म्हणाले होते. आता कुणाच्या दारात गेले की आधी पाणी तपासते, मग भाकरीला हात लावते.