ग्लासगोची ताई म्हणे बाहेरची!

मंडळी, दुपारपासून डोकं तापलंय.

इथे बाहरीनच्या मीना सलमान बंदरातल्या वर्कशॉपमध्ये जेवताना आमचा स्कॉटिश साहेब पेटला. "उद्या स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचं सार्वमत परत झालं तरी मला मत नाही, कारण मी बाहरीनमध्ये. आणि तिथे राहणारे बाहेरचे लोक मत देणार!"

बाहेरचे? माझी ताई ग्लासगोत नर्स आहे. तिथल्या म्हाताऱ्यांचं हगणंमुतणं ती काढते. मागच्या सार्वमतात तिने भारतीय पासपोर्टवर मत दिलं. तिथे राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना मत होतं, हक्कच होता तिचा!

मी तसं तोंडावर सांगितलं. तर म्हणतो, "मत नसल्याचं दुःख तुला काय कळणार?"

मला? माझं मत रत्नागिरीत आहे, पण ते द्यायला स्वतः जावं लागतं. गेल्या निवडणुकीत मी रजा मागितली, तेव्हा "मतासाठी कसली रजा? मफी, नाही मिळणार!" असं कोण म्हणालं होतं, ओळखा बघू?