अफरीनची लेबलं

आमच्या महाळुंग्याच्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग वरच्या मजल्यावर तयार होतं आणि शिव्या खालच्या. मी इथला स्टोअरवाला. माझी खिडकी जिन्याला लागून, त्यामुळे मला सगळं दिसतं आणि न विचारता मत द्यायची खोडही आहे.

त्या जिन्यावर सगळ्यात जास्त चढ-उतार करते ती अफरीन. दिघीच्या गॅरेजवाल्या वजीरभाईंची मुलगी, आयटीआय करून डिझाइनला लागलेली. आम्ही वेल्डिंगची फिक्श्चर बनवतो, म्हणजे गाडीचे पत्रे जोडताना घट्ट धरून ठेवणारे सांगाडे. कॉम्प्युटरवर अशा सांगाड्याची समोरून, वरून, बाजूने चित्रं काढतात. त्यांना व्ह्यू म्हणतात आणि प्रत्येक व्ह्यूखाली लेबल टाकतात. बाकीचे डिझायनर 'व्ह्यू ए', 'व्ह्यू बी' लिहून मोकळे होतात. आता ए म्हणजे नक्की कुठून बघायचं, यावर खालच्यांनी डोकं फोडत बसावं.

अफरीन नवीन असतानाच खाली जाऊन ड्रिलिंगवाल्या अझहरभाईंना म्हणाली, "तुम्ही या बाजूला काय म्हणता?" तेव्हापासून तिच्या ड्रॉइंगवर ए-बीच्या पुढे साधं मराठी यायला लागलं. 'वेल्डर उभा राहतो ती बाजू'. 'भिंतीकडची बाजू'. एकदा तर 'खालून, आडवं पडून बघताना'. यावर शॉपमध्ये बरीच टिंगल झाली, पण ड्रॉइंग नाचवत वर भांडायला जाणं बंद झालं ते झालंच. अझहरभाई आकडे नंतर बघायला लागले, लेबल आधी. मला या पोरीचं फार कौतुक वाटायचं.

मग एका नव्या गिऱ्हाइकाची पहिली ऑर्डर आली. सांगाडा दोन्ही बाजूंनी जवळपास सारखा, फक्त क्लॅम्पची भोकं एकाच, वेल्डरच्या बाजूच्या प्लेटला. आयत्या वेळी गिऱ्हाइकाने सगळे व्ह्यू एकाच कागदावर मागितले, म्हणून अफरीनने ते इकडचे तिकडे सरकवले. लेबल व्ह्यूला जोडलेलं असलं की व्ह्यूबरोबर सरकतं. त्या दिवशी घाईत तिने दोन लेबलं सुटीच टाइप केली होती. चित्रांनी जागा बदलल्या, लेबलं जिथल्या तिथे राहिली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी ती सहज खाली आली आणि मशीनवरची प्लेट बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला. भोकं भिंतीकडच्या प्लेटला पडली होती. अजून कुणालाच पत्ता नव्हता. ती गप्प राहिली असती, तर ठपका अझहरभाईंवर आला असता, कारण ड्रिल त्यांच्या हातात होतं.

"अझहरभाई, मशीन बंद करा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "लेबलं उलटी पडलीत. चूक माझी आहे."

ज्यांच्या जमिनीवर हे वर्कशॉप उभं आहे ते आमचे मालक बबनराव खवळलेच. "एवढी जाड प्लेट! आता गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवू आमी?"

"फोन मी करते, काका."

तिने केला. काय चुकलं ते सरळ सांगितलं, पलीकडची बोलणी ऐकून घेतली आणि मुदत मागून घेतली. मी नवी प्लेट काढून दिली. काम निभावलं.

पण पुढच्या ड्रॉइंगवर नुसतं ए आणि बी. त्यापुढे मराठी शब्द एकही नाही. एका चुकीने पोरीने हाय खाल्ली होती.

अझहरभाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि मशीन चालूच केलं नाही.

"सुरू का न्हाई?" बबनराव ओरडले.

"मालक, इसमें कुछ लिखा ही नहीं. कुठून बघू?"

"ए हाय की त्यात!"

"ए तर सगळेच लिहितात."

बबनरावांनी कागद हिसकला आणि दुखरे गुडघे घेऊन जिना चढले. मागे अझहरभाई, त्यांच्या मागे मी. खिडकी सोडून जायचं नसतं, पण राहवलं नाही.

"पोरी, असा मुका कागद का धाडलास?"

अफरीनने मान वर केली नाही. "माझ्या लेबलांमुळेच प्लेट वाया गेली, काका. सगळे माझ्या भरवशावर राहतात, ते बरं नाही."

"लोखंड हाय, परत आणता येतं. खाली काम थांबलंय तुझ्यापायी. लिही."

तिने ओढणीने डोळे पुसले आणि माउस हातात घेतला. "आणि परत चुकलं तर?"

बबनरावांच्या मागून अझहरभाई म्हणाले, "तर तुम्ही खाली येऊन सांगाल, मॅडम. म्हणून तर तुमचं वाचतो."