अँटिगोनसचा मुलगा डिमीट्रियस

मॅसिडोनिया अनंतकृष्णरावांनी डोळ्यांनी कधी पाहिला नाही, पण तिथल्या तेवीसशे वर्षांपूर्वीच्या राजांची अंडीपिल्ली त्यांना ठाऊक होती. कुंभकोणम्‌च्या कॉलेजात ते इतिहास शिकवत, आणि उरलेल्या वेळात मेलकावेरीच्या घरी बसून एकतीस वर्षं त्यांनी अँटिगोनसच्या घराण्यावर पुस्तक लिहिलं. त्या घराण्याची रीत रावांच्या घरासारखीच, नातवाला आजोबाचं नाव. अँटिगोनसचा मुलगा डिमीट्रियस, त्याचा अँटिगोनस, त्याचा पुन्हा डिमीट्रियस. रावांकडे वैद्यनाथाचा अनंतकृष्ण, त्याचा वैद्यनाथ, त्याचे हे अनंतकृष्ण. पुढे माळ तुटली. त्यांना एकच मुलगी, कीर्ति. नाव पुढे न्यायला आता पुस्तकच उरलं होतं, आणि त्याचा त्यांना लोभ होता. नाही कशाला म्हणा.

पुस्तकाचा सगळा डोलारा एका शिलालेखावर उभा होता: 'अँटिगोनसचा मुलगा राजा डिमीट्रियस याने या गावाचा कर माफ केला.' आता यातला डिमीट्रियस कोणता, आजोबा की नातू? रावांनी बेधडक आजोबाला मान दिला. तो देखणा, गाजलेला, शहरं जिंकणारा. बिचाऱ्या नातवाला कोण विचारतो!

पुस्तक छपाईला जायच्या आठवड्यात कीर्तिने एक नवा निबंध कागदावर काढून आणला. त्याच गावात दुसरा दगड सापडला होता. करमाफी तीच, पण वर सालही कोरलेलं: राज्याचं नववं वर्ष. आजोबाने मॅसिडोनियावर राज्य केलं जेमतेम सात वर्षं. नातवाने दहा.

राव सकाळभर तो कागद घेऊन बसले. कॉफी निवून गेली. 'मॅसिडोनिया मिळण्याआधीची राजेपणाची वर्षंही मोजली असावीत,' असं त्यांनी एकदा लिहून पाहिलं, मग स्वतःचीच लाज वाटून खोडून टाकलं.

"अप्पा, छापूं द्या की. कोणास कळणार?" कीर्ति घरच्या तंजावरी मराठीत म्हणाली.

"मज कळलं की गे."

म्हणाले खरे, पण प्रकाशकाला फोन करायला हात धजेना. संध्याकाळी ते विठ्ठलाच्या भजनमंदिरात जाऊन बसले. तिथल्या खांबावर पाटी आहे: 'वैद्यनाथांचे पुत्र अनंतकृष्ण राव यांनी हा मंडप बांधविला.' पाटी आजोबांची. पण चाळीस वर्षं कुणी हात जोडून "तुम्हीच ना?" असं विचारलं, की राव नुसते हसत. स्वतःच्या घरात दोन अनंतकृष्ण असताना या माणसाने असा घोळ घालावा!

त्या दिवशी पापनाशम्‌हून आलेल्या मीनाक्षीबाईंनी पाटी वाचली, कुणाला तरी रावांचं नाव विचारलं आणि त्या त्यांच्या पाया पडायला वाकल्या. "तुम्हींच बांधविलांत काय?"

राव हसले नाहीत. "नाहीं बाई. ते माझे आजे."

"मग तुम्हीं काय केलांत?"

बाईंनी भाबडेपणाने विचारलं होतं. रावांनी खिशातून फोन काढला, चेन्नईच्या प्रकाशकाला पुस्तक छापू नका म्हणून सांगितलं, आणि फोन ठेवला.

"एकतीस वर्षं एक चूक केलों, बाई," ते म्हणाले, आणि तिथेच खांबाला टेकून रडले.